निळ्या वाटीतली कोशिंबीर

रविवार, १५ डिसेंबर २०२४

आज वर्गाला सहा मुलं आली आणि सहाही जणांनी धड्यावर जांभया दिल्या. एकतीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं, पण इतक्या जांभया एका सतरंजीवर कधी पाहिल्या नव्हत्या. सगळी पोरं इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलतात, त्यात निम्मं हिंदी, पाव हिस्सा तेलुगू. आईबाप दर रविवारी लांबून लांबून, मणिकोंड्याहून, कोंपल्लीहून, जामबागेत आमच्या घरी आणून सोडतात. "काकू, निदान वाचता तरी येऊ दे." आणि दीड तास कोठीच्या बाजारात खरेदी करून परत न्यायला येतात.

दुपारी चहा घेताना युक्ती सुचली. धडा नकोच. फळ्यावर पाककृती लिहायची. मुलांनी एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि वाचलं की लगेच करायचं. वर्गाचा नियम एकच: जे वाचलं, ते करायचं. विस्तव नको, सुरी नको. म्हणजे कोशिंबीरच. गाजराची, चांगली रंगीबेरंगी, कच्ची. वाचन होईल, जीवनसत्त्वंही पोटात जातील.

मुकुंदरावांना सांगितलं. (तोंडाने मी त्यांना 'अहो' म्हणते, कागदावर नाव लिहायला हरकत नाही.) ते खिडकीतल्या खुर्चीतून पेपर खाली न घेता म्हणाले, "मुलं गाजर खातील?"

म्हटलं, माझ्या हातचं खातील.

रविवार, २२ डिसेंबर

पाककृतीचा पहिला दिवस. मोंढ्यातून चार किलो गाजरं आणली, जांभळा कोबी, डाळिंब, कोवळे मटार. कोथिंबीर आणि पुदिना दारावरच्या भाजीवाल्याकडून, शेपूच्या दोन काड्या चतुराबाईने कुठून तरी पैदा केल्या. चतुराबाई आमच्याकडे बावीस वर्षं कामाला आहे, मूळची भालकीकडची. अक्षरओळख नाही, गॅसवाल्याची चिठ्ठीसुद्धा माझ्याकडून वाचून घेते, पण निवडणं-टिपणं तिच्यासारखं कोणाला जमत नाही.

फळ्यावर लिहिलं: गाजर धुवा. गाजर किसा. पुदिना तोडा. लिंबू पिळा. हलक्या हाताने कालवा. छोटी छोटी वाक्यं. पोरं इतकी रंगली की बबलूने सबंध लिंबू स्वतःच्या डोळ्यात पिळलं.

मी कुटाचा डबा उघडणार तोच मेघना पुढे आली. मेघना म्हणजे प्रणिताची आई, सॉफ्टवेअरवाली. "काकू, प्लीज. प्रणिताला पीनट्स अजिबात नको. एक दाणासुद्धा नको. तिला सीरिअस अ‍ॅलर्जी आहे." तिने पर्समधून एक पेनासारखं इंजेक्शन काढून दाखवलं. असंच एक कायम प्रणिताच्या दप्तरात असतं म्हणे. एक इंग्रजी कागदही दिला, काय करायचं ते लिहिलेला. मी म्हटलं, मराठीत दिला असतास तर मुलांकडून वाचून घेतला असता. ती हसली. "मला कुठे येतं काकू? जोडाक्षर आलं की माझी गाडी बंद. म्हणून तर हिला तुमच्याकडे पाठवते."

कूट ठेवून दिलं. त्याऐवजी भाजलेले तीळ घातले. आता माझं मत लिहून ठेवते, कारण ही वही माझी आहे. तीस वर्षं मी मुलींना शेंगदाणा म्हणजे गरिबाचे बदाम म्हणून शिकवलं. आमच्या पिढीत कोणाला दाण्याने काही झाल्याचं ऐकलं नाही. हल्लीच्या आया मुलांना कापसात ठेवतात.

रविवार, २९ डिसेंबर

नामुष्की. कुटाशिवाय कोशिंबीर म्हणजे पाणी सुटलेला कीस. बबलू म्हणाला, "आजी, ये नक्को मेरेकू," आणि मराठीत सांग म्हटल्यावर म्हणाला, "आजी, हे नक्को मला." नंतर सगळ्यांच्या वाट्या उचलताना कळलं की निम्मी कोशिंबीर बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत गेली आहे. न्यायला आलेल्या आयांनी ते पाहिलं. एक जण म्हणाली, "जाऊ दे काकू, आमची घरी पण व्हेजिटेबल्स नाही खात." तिचा सूर मला आवडला नाही. ती माझी समजूत घालत होती.

चतुराबाई भांडी घासता घासता म्हणाली, "कूट नसलं की कशाची चव ओ बाई? मोठ्या भांड्यात घाला की. त्या लेकराची वाटी मी येगळी काढती."

हे मला आधी का सुचलं नाही?

रविवार, ५ जानेवारी २०२५

पोरांनी पातेलं पुसून खाल्लं!

चतुराबाईने आधीच हात धुऊन प्रणितासाठी निळ्या वाटीत तीळ घातलेली कोशिंबीर कालवून कपाटावर उंच ठेवली होती. वर झाकण. मग मोठ्या पातेल्यात मी पाच चमचे कूट घातलं, वर हिंग-मोहरीची फोडणी दिली. नारिंगी, जांभळं, लाल, हिरवं, आणि वर ते कुटाचं पांघरूण. बबलूने दोनदा घेतली. मुलांच्या ग्रुपवर आयांनी फोटो टाकले, खाली टाळ्याच टाळ्या. कोणीतरी इंग्रजीत लिहिलं की काकूंनी जादू केली.

प्रणितानेही तिची निळी वाटी संपवली. शांत पोर आहे. वाचताना शब्दाखाली बोट ठेवते आणि अडलं तरी सोडत नाही. सगळ्यांत तीच पुढे जाईल.

मुकुंदराव म्हणाले, आज तू फार खूश दिसतेस. दिसणारच. निवृत्तीनंतर पाच वर्षांत कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

रविवार, १२ जानेवारी

प्रणिताला दवाखान्यात ठेवलं आहे. जीव वाचला. आता बरी आहे असा मेघनाच्या नवऱ्याचा मेसेज आला.

कोशिंबीर खाऊन दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर चट्टे उठले, मग उलटी, मग आवाज घोगरा. मी पाठीवरून हात फिरवत बसले, पाणी पाजलं. तिच्या दप्तरातून ते पेन काढलं पण टोपण कुठल्या बाजूचं काढायचं तेच कळेना. मेघना न्यायला वेळेआधी आली म्हणून. तिने दारातूनच पाहिलं, चपलेसकट धावत आली आणि कपड्यांवरूनच मांडीत इंजेक्शन टोचलं. तिला उचलून घेत मला विचारलं, "काकू, कशात होतं?"

मी चतुराबाईकडे पाहिलं.

एवढंच. मी काही बोलले नाही. पण मेघनानेही तिच्याकडे पाहिलं.

चतुराबाईचा हात कुटाचा लागला असेल. किंवा वाट्यांची अदलाबदल झाली असेल. घाईत होतं असं.

सोमवार, १३ जानेवारी

आज भोगी. भाजी केली नाही. कुटाचा डबा ओट्याखालच्या कचऱ्यात रिकामा केला आणि डबा तीनदा घासला.

मेघनाचा फोन आला. प्रणिता घरी आली आहे, झोपली आहे. मग स्पष्ट विचारलं, "काकू, एक्झॅक्टली काय झालं? डॉक्टर विचारतात, किती गेलं पोटात?" मी म्हटलं, "अगं, चतुराबाईचा हात लागला असेल कुटाचा. वाटी तीच काढते ना. तिला बिचारीला काय कळतंय अ‍ॅलर्जी-बिलर्जी." मेघना म्हणाली, "पण मी तर तुम्हाला सांगितलं होतं, काकू." म्हटलं, मी तिला दहादा बजावलं होतं.

एकदाही बजावलं नव्हतं. ती स्वतःहूनच करत होती. पण फोनवर उगाच कुठे इतकं सविस्तर सांगायचं?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाच्या वड्यांत दाणे असतात, म्हणून यंदा हलवाच आणला. कोणी आलंही नाही.

ग्रुपवर आया लिहीत आहेत. ती बाई अजून काकूंकडे आहे का? मुलं पाठवायची तर हायजीनचं काय? मी काही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी चतुराबाईला म्हटलं, थोडे दिवस येऊ नकोस. लोक बोलतात.

ती ओट्यावरचं फडकं पिळत होती. पिळून पूर्ण झाल्यावर म्हणाली, "मी हात धुवूनशान निळ्या वाटीला हात लावला व्हता. तुमाला ठावं हाय बाई."

मी म्हटलं, ठाऊक आहे गं, पण आता तो विषय नको.

तिने खिळ्याला अडकवलेली पिशवी घेतली, कंबरेची किल्ली काढून फ्रिजवर ठेवली आणि निघून गेली. भांडली नाही, पगाराचं विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. मला बरं वाटायला हवं होतं.

रविवार, १९ जानेवारी

वर्ग नाही. सतरंजी गुंडाळून ठेवली. फळ्यावर 'हलक्या हाताने कालवा' तसंच आहे, पुसवत नाही.

जेवताना मुकुंदरावांच्या पानात डावीकडे काहीच नव्हतं. सवयीने त्यांची बोटं तिकडे गेली आणि परत आली. मी म्हटलं, गाजरं संपलीत. फ्रिजमध्ये अडीच किलो आहेत.

मग त्यांनीच विषय काढला. "चतुराबाई कशी आहे?"

"मला काय माहीत."

"पगार नेला नाही तिने महिन्याचा. नेऊन दे." मग पाणी प्यायले आणि पेला ठेवत म्हणाले, "प्रमिला, मी त्या दिवशी खिडकीत पेपर वाचत होतो. आंधळा नव्हतो."

आणि हात धुवायला गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला झालं. त्यांनी काय पाहिलं हे मला विचारवेना.

बरं, इथे लिहिते. निळी वाटी संपली होती. प्रणिताने अजून मागितली. मी मोठ्या पातेल्यातली वाढली. घाईत विसरले. चूक माझी, चतुराबाईची नाही. पण चूकच ती. माणूस विसरतं. मी सत्तरीला आले आहे.

सत्तरीला आलेली नाही. पासष्ट.

शुक्रवार, २४ जानेवारी

पगार घेऊन बेगम बाजारात गेले. चतुराबाई मागच्या गल्लीत राहते एवढं माहीत होतं, बावीस वर्षांत तिच्या दारी पाय ठेवला नव्हता. विचारत विचारत गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, चिंचेच्या दुकानात बसती.

एका ठोक व्यापाऱ्याच्या दुकानापुढे दहा-बारा बाया रांगेने बसून चिंच फोडत होत्या. दांडक्याने चिंचोके पाडायचे, शिरा ओढायच्या, चिंच बाजूला सारायची. चतुराबाई शेवटी बसली होती. बोटांची सालं निघाली होती, चिंचेच्या आंबटाने लाल झाली होती. मला पाहून उठली. बायांपासून दूर आली.

मी पाकीट दिलं. तिने घेतलं, मोजलं नाही. म्हटलं, ये ना परत. लोकांचं मी बघते.

"तुमी त्या पोरीच्या आईला सांगितलं का?"

"काय?"

"बाई." एवढंच म्हणाली. मग खाली बघत, "पोर मला म्हनली व्हती, चतुराआजी, तू माझी वाटी उंच ठिवती म्हनून मला भ्या वाटत न्हाई. आता तिची आई रस्त्यात दिसली तर मी तोंड कुटं लपवू? मला कामाला बोलवू नका. आधी तिला सांगा."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं की मी...

"मी तितंच उबी व्हती की. तुमच्या मागं. झाकण घिऊन."

रिक्षात बसल्यावर आठवलं की मी तिला एकदाही तुम्ही म्हणाले नाही. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

रविवार, २६ जानेवारी

मी विसरले नव्हते.

आज हे लिहिते आणि मग वही कपाटात तळाशी ठेवते. प्रणिताने निळी वाटी दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाली, "आजी, अजून." बाकीची पोरं पातेल्यातली खात होती, बबलू तोंडाचा आवाज करत होता, ग्रुपवर टाकायला मी नुकताच फोटो काढला होता. एकतीस वर्षांत कच्चं गाजर कोणी माझ्याकडे मागून घेतलं नव्हतं. मुली ओढून-ताणून चव घ्यायच्या, मार्कांसाठी. आणि हे एवढंसं पोर म्हणतंय, अजून.

चमचा पातेल्यात घालताना मला आठवत होतं. मेघनाचं बोलणंही आठवत होतं. मनात आलं, दोन चमच्यांत असं कितीसं कूट? आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, तेही लिहिते: काही झालं नाही, तर मी मेघनाला सांगेन. बघ, तुझी मुलगी दाणे खाऊ शकते. तुम्ही उगाच घाबरता. मला तिला खोटं पाडायचं होतं. मुलीच्या घशात घालून.

लाज वाटते. आरशात केस विंचरताना वाटते, देवापुढे निरांजन लावताना वाटते. मी दुष्ट नाही असं मला नेहमी वाटत आलं. आता मी त्या पोरीचा सुजलेला ओठ पाहिला की, म्हणजे डोळ्यांपुढे येतो, मला हात कुठे ठेवू ते कळत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

ठरवलं. मेघनाला सांगायचं. फोनवर नको. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, मध्येच ऑफिसचा कॉल येतो, ती धड ऐकणार नाही. मोबाईलवर इंग्रजीत टाइप करणं म्हणजे कोरडं. मनातलं बोलायचं तर मायबोलीतच, स्वतःच्या अक्षरात. पत्र लिहिलं. चार पानं. चांगलं उतरलं आहे. आरंभी 'चि. सौ. मेघनास अनेक आशीर्वाद'. मग माझी शिक्षकी, माझा अहंकार, 'आत्मप्रौढी' हा शब्दही अचूक जागी पडला. तिसऱ्या पानावर प्रसंग, तिथे मात्र अलंकार सुचेनात, साधंच लिहिलं. शेवटी लिहिलं की चतुराबाईचा यात काडीचा दोष नाही आणि मी त्यांची माफी मागेन.

मुकुंदरावांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, तिसरं वाचलं, आणि परत देत विचारलं, "मेघनाला मराठी वाचता येतं?"

म्हटलं, न यायला काय झालं? आपलीच मुलगी आहे. थोडं अडेल, लावेल.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला राग आला. माणूस कबुली द्यायला निघालंय आणि ह्यांना वाचता येण्याचं पडलंय. कोठीच्या पोस्टातून स्पीडपोस्टने टाकलं. पोस्टातून बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटलं की समोरच्या दुकानात उभी राहून उसाचा रस प्यायले.

शनिवार, १ फेब्रुवारी

पोचल्याचा मेसेज पोस्टाकडून काल आला. मेघनाकडून काही नाही. बरं आहे, वेळ घेऊ दे. कदाचित इतकं स्पष्ट तिला कळणारही नाही, पण माझं कर्तव्य मी केलं आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी दहाला, एरवी वर्गाची वेळ, मेघनाचा फोन.

आवाज सपाट होता. "काकू, पत्र मिळालं. शुक्रवारी. मला वाचता आलं नाही. मी म्हटलं, सॉरीचं असेल, फॉर्मली लिहिलंय काकूंनी. मोबाईलने ट्रान्सलेट करून पाहिलं, पण तुमचं अक्षर त्याला नाही लागलं." मग पुढे सांगितलं, "प्रणिता म्हणाली, मम्मा, मी वाचून दाखवते. आजीचं अक्षर मला येतं."

माझ्या हातात रिसीव्हर नव्हता, मोबाईलच होता, पण मी दोन्ही हातांनी धरला.

"डायनिंग टेबलवर बसून वाचलं तिने, काकू. शब्दाखाली बोट ठेवून. पाऊण तास लागला. मी कपडे घडी करत होते. पहिल्या दोन पानांत फार अडली, मी म्हटलं सोड. ती म्हणाली, नाही, पूर्ण करायचं असतं. तिसरं पान तिला सोपं गेलं." मेघनाचा श्वास ऐकू आला. "'मला आठवत होतं. तरी मी वाढलं.' दोन्ही वाक्यं एका दमात वाचली तिने. जोडाक्षर नव्हतं ना एकही. मला थांबवताच आलं नाही."

मी म्हटलं, मेघना.

"तुम्ही मला फोन केला असतात तर मी एकटीने ऐकलं असतं. तिला मी वेगळं सांगितलं असतं. मी ओरडले असते तुमच्यावर, पण एकटी." मग म्हणाली, "मी तिला आता पाठवणार नाही काकू. राग आहे म्हणून नाही. राग आहे. पण मला परत भरवसा नाही ठेवता येणार. आणि मी त्या बाईंबद्दल ग्रुपवर लिहिलं होतं. ते मी आज डिलीट करून खरं काय ते लिहिते. हे तुमचं काम होतं."

मी हो म्हटलं. रडू येत होतं पण रडणं म्हणजे पुन्हा तिच्याकडून समजूत काढून घेणं, म्हणून दात दाबून ठेवले.

"प्रणिताला तुमच्याशी बोलायचंय. मी नको म्हटलं. ऐकत नाही."

मग तिचा आवाज. अजून थोडा बसलेला, की मला वाटलं तसा. "आजी, मी सगळं वाचलं. एकच शब्द नाही आला. आत्म, आत्मप..." म्हटलं, राहू दे तो, बाळा. त्या शब्दात काही नाही.

"आजी, तुम्ही लिहिलंय, चतुराआजीची माफी मागेन. मागितली?"

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"नाही मागितली?"

"अजून नाही गं."

"पण आपला रूल आहे ना. जे वाचलं ते करायचं. मी वाचलं, पण ते तर तुम्हाला करायचंय." मग विचारलं, "ती घाबरली असेल का, मला असं झालं तेव्हा?"

मी म्हटलं, हो. फार घाबरली असेल. मी विचारलं नाही.

मेघनाने फोन घेतला आणि ठेवला. मुकुंदराव खिडकीत होते. पेपर मांडीवर होता, वाचत नव्हते. मी वही काढून मागची पानं वाचली. अठ्ठावीस तारखेचं वाचलं आणि 'आपलीच मुलगी आहे, लावेल' तिथे थांबले. मला माहीत होतं तिला वाचता येत नाही. तिने मला स्वतः सांगितलं होतं, हसत, माझ्याच दारात. मी ते बावीस डिसेंबरला लिहून ठेवलं आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे होती. ती घेऊन बेगम बाजारात गेले. चतुराबाईंना पत्र देऊन काय उपयोग, त्यांना वाचता येत नाही. आणि तोंडाने सांगायला गेले तर मी फिरवून सांगेन, हे आता मला कळलं आहे. म्हणून लिहिलेलं होतं तेच वाचायचं ठरवलं.

दुपारची वेळ. बाया तशाच रांगेने बसलेल्या, चिंचेचा आंबट वास, हातगाड्या, कोणीतरी "हटो माँ" म्हणत गोणी नेत होता. मी चतुराबाईंपाशी गेले. म्हटलं, बाजूला येता का? मला तुम्हाला काही वाचून दाखवायचं आहे.

त्या उठल्या नाहीत. हातातलं दांडकं खाली ठेवलं. "हितंच वाचा."

मी त्यांच्यासमोर गोणीवर टेकले. बाया बघायला लागल्या. पहिली दोन पानं मी वाचली नाहीत, ती बाजूला घडी करून ठेवली. तिसऱ्या पानापासून सुरुवात केली. निळी वाटी संपली होती. प्रणिताने अजून मागितली. मला आठवत होतं. हे मी पुटपुटल्यासारखं वाचलं. तरी मी वाढलं. चतुराबाईंनी ती वाटी हात धुऊन, झाकून, उंच ठेवली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी त्यांनाच दोषी मानलं. मी मानू दिलं. मी त्यांची माफी मागेन.

कागद खाली केला. म्हटलं, माफी मागते, चतुराबाई. पोरगी विचारत होती तुमचं.

त्यांनी पदराने बोटं पुसली, एकेक करून. शेजारच्या बाईने त्यांना कोपराने ढोसलं, काय म्हनली ती? त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, कामाचं सांगताना बघतात तसं.

"मोटं वाचा, बाई," त्या म्हणाल्या. "ह्या समद्यांनी बी माझं ऐकलंय की मी लेकराला इख घातलं. त्यांना ऐकू आलं न्हाई."

दांडक्यांचे आवाज थांबले होते. मी उभी राहिले, तिसरं पान वर धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.